शकूबाई जागी होण्याची वाट

माझ्या थोरल्या बहिणीची, शकूबाईची, बातमी आधी चांगली म्हणून आली. मी गोंदियाच्या बाजारात भाजी घेत होते. भाऊजींचा फोन आला, "बाई घरी पडली. श्वास नव्हता. इथल्या दवाखान्यात शॉक दिला, आता हृदय चालू झालं. गोंदियाले घेऊन येऊन राहिलो." मी पिशवीतले टमाटर वर काढले, वांगी खाली ठेवली आणि मग रिक्षा शोधली. असं का केलं, ठाऊक नाही.

अर्जुनी मोरगावला बाई ब्लाऊज शिवायची. आई लवकर गेली, त्यामुळे मला तिनंच वाढवलं. गावच्या बोडीत पोहायला शिकवताना तिनं माझी वेणी धरून ठेवली होती. मी रडायला लागले तर म्हणाली, "कायले रडतं? बोडीत पाणी कमी हाय का?" गिऱ्हाइकांशीही तीच भाषा. "तुझं पोट सुटलं, माझ्या मापाले दोष नको देऊ." तरी चिचगडकडच्या बायासुद्धा एसटीनं तिच्याकडेच कापड घेऊन यायच्या. भाऊजी निवृत्त लाईनमन, अबोल माणूस. घरात दोघांचं बोलणं बाई एकटीच बोलायची.

ती पडली तेव्हा भाऊजी अंगणात होते. करंट लागलेल्या माणसाची छाती कशी दाबायची, हे लाईनमनला शिकवतात. नोकरीत त्यांना कधी गरज पडली नव्हती. ते दाबत राहिले, गाडी येईपर्यंत… बरगडी मोडल्याचा आवाज आला तरी थांबले नाहीत.

अतिदक्षता विभागात बाई झोपल्यासारखी दिसत होती. छाती मशीनच्या तालावर वरखाली होत होती. बाहेरच्या बाकावर नातेवाइकांची गर्दी जमली. कोणी म्हणे उद्या उठेल, कोणी नागऱ्याच्या महादेवाला नवस बोलून आलं. कोणाच्या ओळखीतला माणूस म्हणे महिन्यानं उठून जेवला होता. फक्त डॉक्टर मॅडम काही सांगत नव्हत्या.

"उठन का ते?" भाऊजींनी विचारलं.

"मेंदूला रक्त मिळालं नव्हतं, काका. किती इजा झाली ते लगेच कळत नाही. औषधांची गुंगीही आहे. आज मी हो म्हटलं तरी खोटं, नाही म्हटलं तरी खोटं. तीन दिवस तरी थांबावं लागेल."

लोकांना वाटलं, मॅडम लपवताहेत. मला काहीच वाटलं नाही. मी समोरच्या टपरीवर जाऊन समोसा खाल्ला, वर आणखी एक मागितला.

दुसऱ्या दिवशी बाईचा खांदा हलला. मग तोंड, मग हात. भाऊजी ओरडले, "उठून राहिली! पाहा, हात हलवते!" मीही धावले. मॅडमनी बराच वेळ पाहिलं आणि आम्हाला बाहेर नेलं. हे झटके आहेत, ती स्वतःहून हलवत नाही, म्हणाल्या. "चिन्ह चांगलं नाही, पण तेवढ्या एका खुणेवरून मी निकाल देणार नाही." भाऊजी मान हलवत राहिले. त्यांच्या हातात बाईची चप्पल होती. कोणी दिली, कोण जाणे.

गुंगी पूर्ण उतरल्यावर मॅडमनी आमच्यासमोर तपासलं. बुबुळावर टॉर्च मारला, बाहुली लहान झाली नाही. डोळ्याला कापूस लावला, पापणी लवली नाही. नख दाबलं, हात मागे आला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. डोक्याला तारा लावून काढलेल्या आलेखात रेघा जवळजवळ सपाट होत्या. स्कॅनमध्ये मेंदूला सूज. मग त्या भाऊजींशेजारी बाकावर बसल्या.

"काका, आता सगळ्या खुणा एकच सांगतात. त्या जाग्या होतील असं मला वाटत नाही." पुढे म्हणाल्या, "हृदय पुन्हा थांबलं, तर छाती दाबायची का? हे तुम्हाला विचारावं लागेल."

भाऊजी आपल्या तळहातांकडे पाहत होते. "मी दाबलं ते चुकलं का, मॅडम?"

"नाही. मी तिथं असते तर तेच केलं असतं."

भाऊजींनी तळहात पालथे केले आणि म्हणाले, "आता नका दाबू. तिले लागते."

दोन दिवसांनी दुपारी हृदय थांबलं. कोणी दाबलं नाही. मी बाईच्या पायाजवळ उभी होते. रडू आलं नाही, अजूनही आलेलं नाही.

तेरवीनंतर मी अर्जुनीला थांबले. बाईच्या शिवणाच्या खोलीत दांडीवर ब्लाऊज तसेच लटकलेले, मशीनवर खडूची धूळ. एका सकाळी चिचगडकडची एक बाई आली. भाऊजींनी तिचा ब्लाऊज शोधून दिला. तिनं उलटून पाहिला.

"हूक तं लावलेच नाही. बाई कोठी गेली? ते येईपर्यंत मी बसतो."

"बाई मरून गेली," भाऊजी म्हणाले. त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं.

ती उंबऱ्यावरच बसली. भाऊजी खोलीत गेले, डबे उघडू लागले. हुकांचं पाकीट सापडलं तसं त्यांनी सुईत दोरा ओवायला घेतला. दोरा जाईना. मी सुई त्यांच्या हातातून घेतली आणि बाईच्या स्टुलावर बसले. पहिला हूक उलटा लागला. मी उसवला आणि पुन्हा लावायला घेतला.