मामांनी फुंकलेलं पाणी

चुना घालून पाण्यातला चुना काढणारा माणूस अख्ख्या बिदर जिल्ह्यात एकच, आणि तो माझ्या वाट्याला सासरा म्हणून आला. मामा निर्ण्याच्या शाळेत शास्त्र शिकवायचे. मामी गेल्यावर ते नौबादला आमच्याकडे राहायला आले, पण लेकीच्या घरचं पाणी बापानं पिऊ नये, ही जुनी रीत त्यांना सोडवेना. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड, की डाळ शिजत नाही आणि पातेल्याला पांढरं पुट चढतं. मामांना त्यातच वाट सापडली. म्हणाले, "हे पाणी मी हलकं करतो. मग ते माझ्या मेहनतीचं, लेकीचं न्हाई."

तेव्हापासून सकाळ झाली की पिंपात चुन्याची निवळी पडायची. गाळ बसेपर्यंत पिंपाजवळ कुणी खोकलेलंही मामांना चालत नसे. मग वरचं पाणी अलगद काढून, उरलासुरला चुना घालवायला ते त्यात रबरी नळीनं फुंकत बसायचे. गाल फुगवून, डोळे मिटून, सनईवाल्यासारखे. पाणी पुन्हा दुधाळ झालं, की नातू झाल्यासारखा चेहरा. ते निवळून, गाळून, उकळून पहिला पेला मला. मी ओठ लावून "गोड आहे" म्हणायचो. डाळ खरंच लोण्यासारखी शिजायची, ती मात्र मी मिटक्या मारत खायचो.

पाणी उकळलेलं आहे हे कळत होतं, तरी सासऱ्यांची फुंकर माझ्या घशाखाली उतरेना. ऑफिससाठी ते भरून द्यायचे ती बाटली मी फाटकाबाहेरच्या लिंबाच्या बुडाशी रिकामी करायचो आणि ऑफिसात जारचं पाणी प्यायचो. गेल्या महिन्यात बाटली उपडी केली आणि वळलो, तर मागं मामा. मी विसरलेला डबा द्यायला धावत आले होते.

"ओता की जावई," ते म्हणाले, "झाडालाबी हलकं पाणी लागतंय."

संध्याकाळी त्यांनी पिशवी भरली. "अप्पा, कामून चाललाव?" बायको विचारत राहिली. निर्ण्याच्या शेताकडं बघायचंय, एवढंच ते म्हणाले. माझं नाव घेतलं नाही. मी अजूनही तिला खरं कारण सांगितलेलं नाही.

रविवारी ते जेवायला आले. तिखट आमटीनं ठसका लागला. मी सकाळी स्वतः निवळी घालून, फुंकून केलेलं पाणी पुढं धरलं. त्यांनी पेला उजेडात धरून मायेनं पाहिला.

"बेस निवळलंय," म्हणाले, "पण हे तुमचं हाय." पेला हलकेच खाली ठेवला आणि ठसका गिळत बसस्टँडकडे निघाले.