टेबलाची हिरवी वायर

शहाडजवळ मोहन्यात आमच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. तिथे पप्पा फर्निचरची कामं करतात. गेल्या वर्षापर्यंत शेडला वीज स्वयंपाकघरातल्या एका प्लगमधून जायची. कटर आणि मिक्सर एकदम लावले की फ्यूज उडायचा. म्हणून आई आधी भिंतीवर थाप मारायची, "अहो, चटणी वाटू का?" पप्पा हातातली फळी कापून झाल्यावर ओरडायचे, "वाट आता."

मी ठाण्याला कॉलेजात इलेक्ट्रिकल शिकते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. "काय शिकवतात गं तिथे?" असं पप्पांनी विचारलं की मला नीट सांगता यायचं नाही. त्यामुळे सुट्टीत धीर करून म्हटलं, शेडची वायरिंग मी करते. मीटरकडचं काम ओळखीच्या वायरमन काकांनी केलं, बाकीचं माझं मी केलं, तेही त्यांना दाखवूनच. अर्थिंगसाठी, म्हणजे गळलेला करंट जमिनीत जावा म्हणून, खड्डा खणून त्यात कोळसा आणि मीठ भरत होते, तेव्हा आई दारात उभी राहून म्हणाली, "लोणचं घालतेस काय गं? तेल आणू?"

पप्पा हसले नाहीत. त्यांना एक कपाट रविवारी पोचवायचं होतं. ते म्हणाले, "रविवारपर्यंत बघतो. कामात खोळंबा झाला तर परत स्वयंपाकघरातूनच वीज घेणार."

शुक्रवारी सकाळी त्यांनी टेबल कटर चालू केला. लोखंडी टेबल, खाली जुनी मोटर. एक सेकंद घरघर झाली आणि नवा ब्रेकर पडला. करंट बाहेर कुठे गळत असेल तर वीज तोडायची, एवढंच त्या ब्रेकरचं काम. पुन्हा चालू केला, पुन्हा पडला. माझंच काही चुकलं असणार, असंच मी धरून चालले. दुपारपर्यंत सगळे जोड उघडून बघितले. पप्पा करवत घेऊन हातानेच कापत होते. ते मनाला लागत होतं.

शेवटी फक्त बघायला म्हणून टेबलाची हिरवी, म्हणजे अर्थची वायर काढली. कटर मस्त चालला.

"बघ, ती वायरच नको होती," पप्पा खूश होऊन म्हणाले. "झालं तुझं काम. चांगलं केलंस."

खरं सांगते, मला ते ऐकून इतकं बरं वाटलं की वायर तशीच सोडून द्यावीशी वाटली. पण टेस्टर टेबलाला लावला तर तो पेटला. टेबलात करंट उतरत होता. हिरवी वायर नसल्यामुळे तो जमिनीत न जाता टेबलातच राहत होता, म्हणून ब्रेकर पडत नव्हता.

"पप्पा, हे असं नाही चालणार. मोटर खराब आहे."

"अगं, थोडी झिणझिण पहिल्यापासून आहे. मी चप्पल घालतो ना."

"चप्पल विसरलात तर?"

"वीस वर्षं नाही विसरलो. आता तू मला शिकव."

आई टेबलाखालचा भुसा ओढायला आली होती. मशीन चालू असतानाच ओढते ती, आणि अनवाणी. झाडू तसाच धरून ती म्हणाली, "मला पण लागतं कधी कधी. मला वाटलं वयामुळे हाताला मुंग्या येतात."

पप्पांनी तिच्याकडे बघितलं. मग वाकून प्लग काढला.

"बोलायचं नाही का तू?"

"काय बोलायचं? तुम्हाला होत नव्हतं, म्हटलं मलाच होतंय."

पप्पांनी मोटर सोडवली, गोणीत घातली आणि शहाडला मोटरच्या तारा नव्याने गुंडाळून देणाऱ्या वाइंडिंगवाल्याकडे देऊन आले. कपाट रविवारी गेलं नाही. गिऱ्हाइकाला फोन करून त्यांनी सांगितलं, "मशीन दुरुस्तीला आहे, बुधवारी देतो." वायरिंगचं नाव घेतलं नाही.

मंगळवारी मोटर बसवली. हिरवी वायर मी जोडली, पप्पांनी स्क्रू आवळला. कटर चालला आणि ब्रेकर पडला नाही. पप्पांनी एक फळी कापली, मग दुसरी. मग मशीन बंद करून आत गेले आणि ड्रिल, ग्राइंडर, पॉलिशचं मशीन असं सगळं आणून माझ्यासमोर चटईवर ठेवलं.

"हे पण बघून घे," ते म्हणाले. "आणि बघताना मला सांगत जा, काय बघतेस ते."

मी ड्रिल उचललं आणि सांगायला लागले. मधे मधे अडखळत होते. ते स्टूल ओढून बसले.