पुढचा पत्ता

चंपतराव भोयरांनी चौतीस वर्षं एसटी चालवली आणि एकदाही गाडी घासली नाही. हे ते स्वतः कधी सांगत नसत, धोंडबा सांगे. धोंडबा त्यांच्याच गाडीवर कंडक्टर होता. उमरेडच्या रस्त्यावर कोळशाचा ट्रक पुढे असला की चंपतराव त्याच्या मागे मैलोगणती धूळ खात जात, पण ओव्हरटेक करत नसत. मागून प्रवासी शिव्या घालत. नागपूरला पोचायला त्यांच्या गाडीला इतरांपेक्षा वीस मिनिटं जास्त लागत, म्हणून लोक तिला 'चंपतरावची वरात' म्हणायचे. चंपतराव हसून म्हणत, "पोचले ना गा? मंग."

निवृत्त झाल्यावर त्यांनी नागपुरात दिघोरीला, आमच्या भिंतीला भिंत लावून घर बांधलं. मीही निवृत्तच, गणिताचा मास्तर. रविवारी दुपारी जेवणं आटोपली की चंपतरावांच्या समोरच्या खोलीत सतरंजी पडायची आणि ते, धोंडबा आणि मी असे तिघे तीन पत्तीला बसायचो. पैसे लावायचे नाहीत हा त्यांच्या बायकोचा, गोपिकावहिनींचा, नियम. खेळायचं चिंचोक्यांवर. वहिनी दर वर्षी चिंच फोडायच्या, त्यातले चिंचोके धुऊन बिस्किटाच्या डब्यात भरून ठेवायच्या. हरेल त्यानं पुढच्या रविवारी सकाळी तर्री पोहे आणायचे, बस.

वहिनी चहा घेऊन आल्या की आम्हाला 'तीन तिगाडा, काम बिगाडा' म्हणायच्या आणि नवऱ्याच्या मागे उभ्या राहून त्यांची पानं पाहायच्या. चांगली पानं असली की त्यांचं तोंड फुलायचं. मी आणि धोंडबा चंपतरावांकडे पाहतच नसू, वहिनींच्या तोंडाकडे पाहून पत्ते टाकत असू. चंपतराव चिडायचे, "तू आत जाय वं, सारा खेळ सांगून देते." त्या जात नसत.

मागच्याच्या मागच्या दिवाळीला चंपतरावांचा जावई आला. अश्विन, इकडचाच खापा गावचा पोरगा, पुण्यात नोकरीला. त्यानं आम्हाला पोकर शिकवला. प्रत्येकाला दोन पानं झाकून द्यायची. मग मध्ये सगळ्यांसाठी पाच पानं उघडायची, आधी तीन, मग एक, मग आणखी एक. हातातली आणि मधली मिळून ज्याची पाच सर्वांत भारी तो जिंकला. प्रत्येक टप्प्यावर बोली. बोलीला मर्यादा नाही, वाटलं तर डब्यातले होते नव्हते तेवढे चिंचोके एकदम पुढे सरकवा.

त्याच दुपारचा एक डाव माझ्या डोक्यातून जात नाही. चंपतरावांकडे गुलामाची जोडी होती. मध्ये बदामाची नव्वी, बदामाची अठ्ठी आणि किल्वरची तिर्री उघडली. म्हणजे त्या घडीला सगळ्यांत भारी तेच. माझ्या हातात बदामाचा एक्का आणि बदामाची पंजी, बाकी शून्य. अजून एक बदाम आला तर माझी पाच पानं एका रंगाची, म्हणजे जोडीपेक्षा भारी होणार होती. चंपतरावांनी चाल केली पाच चिंचोक्यांची. मध्ये चाळीस पडलेले असताना पाच! मी कशाला सोडतो? पाच टाकले. पुढचं पान आलं इस्पिकची दुर्री, माझ्या काही कामाचं नाही. त्यांनी पुन्हा पाच लावले, मी पुन्हा टाकले. शेवटचं पान आलं बदामाची राणी. मी सगळे चिंचोके पुढे ढकलले. ते म्हणाले, "शो." आणि त्यांचा ढीग माझ्याकडे आला. मागे उभ्या वहिनींचं तोंड एवढंसं झालं.

अश्विन म्हणाला, "बाबा, तुमचे पत्ते भारी होते, पण नाजूक होते. पुढच्या पत्त्यानं मोडू शकत होते. अशा वेळी भरपूर लावून द्याचं. मास्तरकाका तिथंच पळाले असते. तुमी त्यायले जवळजवळ फुकटात पुढचा पत्ता पाहू देल्ला."

"भारी होते ना?" चंपतराव म्हणाले. "मंग झालं तर. भारी ते भारी. नशिबानं गेलं."

त्यांची चूक मला तेव्हाच कळली होती. ती तीन पत्तीवाल्याची चूक होती. तीन पत्तीत एकदा तीन पानं वाटली की पुढे काही येत नाही. जो भारी आहे तो शो होईपर्यंत भारीच राहतो. त्यानं फक्त घाई न करता लहान लहान चाल करत बसायचं, समोरच्याला घाबरवून पळवायचं नाही. चौतीस वर्षं उमरेड डेपोच्या विश्रांतीच्या खोलीत चंपतराव हेच करत आले होते, आणि रस्त्यावरही हेच. मला हसू आलं. तर्री पोहे फुकट मिळत होते, मी कशाला शिकवायला जातो?

त्यानंतर आम्ही पोकरच खेळू लागलो. चंपतरावांना एक खोड लागली. डाव मध्येच संपला तरी ते गड्डीतलं पुढचं पान उलटून पाहायचे. "पाहू द्या गा, काय आलं असतं ते," म्हणायचे आणि पाहून लहान पोरासारखे खूश व्हायचे.

फेब्रुवारीत वहिनींना छातीत गाठ लागली. बोराएवढी. आधी त्यांनी कोणाला सांगितलं नाही, मग चंपतरावांना सांगितलं, आणि चंपतरावांनी मला, कारण कागद इंग्रजीत येतात. धंतोलीतल्या दवाखान्यात वहिनी, चंपतराव आणि मी गेलो. तपासण्या झाल्या. आठ दिवसांनी रिपोर्ट घ्यायला पुन्हा गेलो. डॉक्टरीणबाई भली होती. तिनं नीट समजावून सांगितलं. कॅन्सर आहे, पण फर्स्ट स्टेज आहे, कुठे पसरलेला नाही. कॅन्सरची जात जरा जोमानं वाढणारी दिसते, म्हणून पंधरा दिवसांच्या आत ऑपरेशन करून टाकू.

चंपतरावांनी त्यातला एकच शब्द उचलला. बाहेर येऊन बाकावर बसले आणि माझा हात दाबून म्हणाले, "मास्तर, फस्ट निघाली गा. फस्ट." मुलीचा निकाल लागावा तसं त्यांचं तोंड झालं होतं. मी वहिनींकडे पाहिलं. ज्या तोंडावरून मी दोन दोन वर्षं पत्ते वाचले, ते तोंड त्या दिवशी पहिल्यांदा बंद होतं.

रिक्षात त्या म्हणाल्या, "मेघीचे दिवस भरत आले. मार्चात होईन."

मेघा त्यांची एकुलती लेक. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलं. डिंकाचे लाडू करून झाले होते, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून झाली होती. वहिनींचं म्हणणं एवढंच, की पोरगी पोट घेऊन घरी येईल आणि आई खाटेवर पडलेली असेल, हे व्हायचं नाही. सव्वा महिना होऊ द्या, लेकीला तिच्या घरी पोचवते, मग कापा मला कुठे कापायचं ते. आणि मेघाला यातलं अक्षर सांगायचं नाही, जावयालाही नाही. अवघडलेली पोर, धसका घेईल.

"मास्तर, काय म्हणता?" चंपतरावांनी विचारलं. "फस्टच तर हाय. दोन-अडीच महिन्यात काय होते? तवापर्यंत ते आयुर्वेदवाले हायेत, त्यायचं औषध सुरू ठेवू. घाई काहून करा?"

मी गणिताचा मास्तर. पोरांना मी शक्यता शिकवल्या. त्या रिक्षात मला बदामाची राणी आठवली, खोटं कशाला बोलू. आत्ता पानं भारी आहेत, पण नाजूक आहेत, म्हणूनच आत्ता सगळं लावायचं असतं, हे वाक्य माझ्या ओठावर आलं होतं. अश्विन असता तर तो बोलला असता. पण त्याला तर सांगायचंच नव्हतं. जाणता होतो मी एकटा. आणि मी म्हटलं, "तुमच्या घरचं तुम्ही बघा, चंपतराव. डॉक्टर म्हणते तर लवकर केलेलं बरं, पण बघा."

'पण बघा.' दुसऱ्याच्या घरात कशाला नाक खुपसा, असं मी मनाशी म्हटलं. भला माणूस म्हणवून घ्यायची हौस, दुसरं काय.

मार्चात मेघाला मुलगी झाली. वहिनींनी सव्वा महिना काही कमी पडू दिलं नाही. पहाटेचं पाणी तापवणं, तेल लावणं, शेक, शेगडी. एप्रिलच्या उन्हात कूलरसमोर नातीला मांडीवर घेऊन त्या बसायच्या आणि डाव्या हातानं उचलायचं टाळायच्या. मला ते दिसत होतं. चंपतरावांना मी दोनदा विचारलं. एकदा म्हणाले, "गाठ तेवढीच हाय म्हणते." दुसऱ्यांदा म्हणाले, "आता हप्त्याचीच तर गोष्ट हाय."

मेच्या पहिल्या आठवड्यात लेकीला पुण्याला पोचवून दोघं धंतोलीत गेले. मी बरोबर होतोच. काखेत गाठी आल्या होत्या. मोठं स्कॅन केलं, तर यकृतावरही डाग निघाले. डॉक्टरीणबाईनं जुने कागद काढले, तारीख पाहिली, आणि रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, आता कापून उपयोग नाही, औषधं देऊ, जेवढं होईल तेवढं करू.

चंपतरावांनी विचारलं, "मॅडम, तवा तर फस्ट होती ना?"

"तेव्हा होती," ती म्हणाली.

मेघा आणि अश्विन बाळाला घेऊन धावत आले. मेघा बापाशी आठ दिवस बोलली नाही. औषधांनी वहिनींचे केस गेले, भूक गेली. पाण्याचा घोटही त्या नातीला मांडीवर घेऊन पीत. नवऱ्यावर त्यांनी एकदाही बोट ठेवलं नाही, उलट मेघाला म्हणाल्या, "त्यायले काही नको म्हणू वं. मीच म्हणलं होतं." पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, गल्लीत पोरं लाकडाचे बैल ओढत होती, तेव्हा त्या गेल्या.

दिवाळीत अश्विन मुद्दाम रविवारी सतरंजी घालून बसला. सासऱ्याला कसंतरी माणसांत आणावं एवढाच त्याचा हेतू. धोंडबाला बोलावलं, मला बोलावलं. मेघा आत बाळाला निजवत होती. बिस्किटाचा डबा निघाला. त्यात गेल्या वर्षीचेच चिंचोके होते, या वर्षी चिंच कोणी फोडली नव्हती.

तीन डाव झाले. चौथ्या डावात मध्ये इस्पिकची दोन पानं आणि चौकटची चौकी उघडली. माझ्या हातात इस्पिकची दोन पानं. म्हणजे पुन्हा तेच, अजून एक आलं तर माझं. धोंडबानं आणि अश्विननं पानं टाकून डाव सोडला. चंपतरावांनी आपल्या पानांकडे पुन्हा पाहिलंही नाही. दोन्ही हातांनी समोरचे सगळे चिंचोके त्यांनी मध्ये लोटले. काही सतरंजीवरून खाली घरंगळले.

मी पानं टाकली.

त्यांनी आपली पानं उलटून दाखवली. दश्शीची जोडी. "काहून टाकले, मास्तर?"

"तुम्ही सगळं लावलं. एवढ्यावर पुढचा पत्ता पाहायला जाणं परवडत नाही."

"बराबर," ते म्हणाले. बोटांनी त्यांनी चिंचोके सारखे केले. मग माझ्याकडे पाहून शांतपणे बोलले, "हे तुमाले तवाबी मालूम होतं."

धोंडबाला वाटलं डावाबद्दल बोलतात. तो हसला. मी म्हटलं, "हो."

"मलेबी अश्विननं मागच्या दिवाळीले सांगतलं होतं," ते म्हणाले. "मलेबी मालूम होतं."

काहीतरी करावं म्हणून मी गड्डीकडे हात नेला. ते नेहमी पाहत, तसं वरचं पान उलटून दाखवावं, एवढंच मनात होतं. चंपतरावांनी गड्डीवर आपला पंजा ठेवला. चौतीस वर्षं स्टिअरिंग धरलेल्या त्या रुंद पंजानं गड्डी पुरती झाकली.

"नका पाहू गा," ते म्हणाले. "तो पत्ता आता मले नाई पाह्यचा."