गाऱ्हाण्यातली दोन नावे

आधीच माफी मागतो. एखाद्या माणसावर लिहावे एवढे माझे वाचन नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील खनिजाच्या ट्रकवर होते, त्यामुळे लिहिलेले चुकले तर सांगणारे घरी कोणी नाही. तरी शाणूकाकांवर लिहायचे धाडस करतो. इतिहास हा विषय मी पणजीला जाऊन शिकतो आहे, पण त्यातले थोडे कळले ते त्यांच्या ओसरीवर.

इब्रामपूरजवळच्या आमच्या वाड्यावर देवळात गाऱ्हाणे घालण्याचा मान शाणूकाकांचा. ते देवापुढे उभे राहून सगळ्यांच्या वतीने मागणे मागतात आणि प्रत्येक मागण्याला आम्ही ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. गुरे, शेती, परीक्षेला बसलेली मुले, गल्फात गेलेली माणसे, कोणी सुटत नाही. दोनेक वर्षांपूर्वी परदेशातून परतल्यावर त्यांनी त्यात एक मागणे वाढवले. “तसाच सुदानात आसत त्या इद्रिसाक आणि उस्मानाक सांभाळ रे म्हाराजा.” पहिल्या वेळी कोणाच्या तोंडून ‘व्हय’ निघालेच नाही.

नंतर पायरीवर बसून मानकरी बाबलभाऊंनी त्यांना टोकले. आमच्या देवाला तो मुलूख ठाऊक तरी आहे काय, असे विचारले. काका म्हणाले, बार्देशात लगीन करून दिलेली तुझी चेडू खंय ऱ्हवता ता देवाक कोणी दाखवला? लोक हसले. पण बाबलभाऊ सोडणारे नव्हते.

“शाणू, ते दोघे एकमेकांर बंदुका धरून आसत. देवान बाजू कोणाची घेवची?”

“बाजू घे म्हणान मी खंय सांगतंय? सांभाळ म्हणतंय.”

डिचोलीच्या खाणी बंद पडल्या तेव्हा मशिनचे फिटर असलेले काका सुदानला गेले होते. राजधानीतल्या गॅरेजात इद्रिस आणि उस्मान हे चुलतभाऊ त्यांच्या हाताखाली होते. तो देश आधीच एकदा तुटून दोन झाला होता. उरलेल्यात पुन्हा यादवी पेटली, एकीकडे लष्कर, दुसरीकडे दुसरी सशस्त्र फौज. इद्रिस एकीकडे गेला, उस्मान दुसरीकडे.

कॉलेजात प्रकल्पासाठी मी हाच विषय घेतला. पुस्तकांत करार, सेनापती आणि तारखा होत्या. काकांनी वेगळेच सांगितले. गॅरेजात सकाळी सगळे एकाच मोठ्या ताटाभोवती बसून शिजवलेले वालांसारखे कडधान्य पावाबरोबर खात. “एक दिवस ताटां दोन झाली. भांडाण नाय, काय नाय. ताटां आदी, गोळी मागीर सुटली.” हे वाक्य मी वहीत तसेच उतरून घेतले.

देश सोडायच्या दिवशी इद्रिसने त्यांना पुलापर्यंत आणून सोडले. पुढचा भाग दुसऱ्या फौजेचा, तिथे त्याला जाता येत नव्हते. पलीकडच्या टोकाला उस्मान मोटारसायकल घेऊन उभा होता. तो त्यांना बंदराच्या बसपर्यंत नेणार होता. मधला पूल काका एकटे पिशवी घेऊन चालले. “दोघांनी एकमेकांक बघला. हात कोणी वर करूक नाय. पुलाच्या मदी माका कळना झाला, मी खंय बघू.”

प्रकल्प झाल्यावर मी तो त्यांना वाचून दाखवला. मी दोन रकाने केले होते, लष्कर आणि बंडखोर, आणि उदाहरण म्हणून एकात इद्रिस, दुसऱ्यात उस्मान. काकांनी पान हातात घेऊन त्या दोन नावांवर बोट ठेवले. मग म्हणाले, “ह्या तुका कोणी सांगला?” आवाज चढला नव्हता, तरी मला शरम वाटली. कोण कुठल्या बाजूला हे त्यांनी कधी सांगितलेच नव्हते, ते मी मनानेच ठरवले होते. ते पान मी पुन्हा लिहिले.

दर शुक्रवारी ते दोघांचेही नंबर लावत. एकही लागत नसे. असे किती दिवस नावे घेत राहणार, मी एकदा भीत भीत विचारले. त्यांनी फोन खिशात टाकला. “गेलेल्याक गाऱ्हाणा नसता रे पुता. ता जित्या माणसाचा. गेल्याची खबर येयपर्यंत माझे दोघेय जिते.”

यंदा पालखीच्या दिवशी पणजीहून निघालो, पण बस चुकली आणि पोचेपर्यंत गाऱ्हाणे सुरू झाले होते. मी मागे खांबाला टेकून उभा राहिलो. गुरे झाली, शेती झाली, परीक्षा झाल्या. ‘व्हय म्हाराजा’ एका सुरात येत होते. मग काका म्हणाले, “तसाच सुदानात आसा त्या उस्मानाक…” आणि थांबले.

आता सगळ्यांना ते मागणे पाठ झाले होते. इद्रिसचे नाव यायचे म्हणून कोणी ‘व्हय’ म्हटले नाही. बाबलभाऊंनी मान वर करून काकांकडे पाहिले.

“…सांभाळ रे म्हाराजा,” काका म्हणाले.