पाय नसलेली मगर

बाई चुकीच्या उत्तराला कधी रागावत नसत. न बघता दिलेल्या बरोबर उत्तराला मात्र त्यांच्याकडे माफी नव्हती. जास्वंदीला पाकळ्या किती, असं त्यांनी वर्गात विचारलं तेव्हा मी झटक्यात उभी राहून "पाच" म्हणाले. बाईंनी हातातलं फूल वर धरलं. त्याची एक पाकळी गळलेली होती. "तू पुस्तकाला विचारलंस. मी ह्याला विचारायला सांगितलं होतं," म्हणाल्या आणि तास संपेपर्यंत मला उभं ठेवलं. वसईच्या आमच्या शाळेत त्यांनी सगळी नोकरी जीवशास्त्र शिकवण्यात काढली. त्यांना घाबरणारे पुष्कळ होते, त्यांच्यावर जीव टाकणारे आम्ही थोडे.

निवृत्तीनंतर त्या एकट्याच राहत. मी लग्न होऊन जवळच चंदनसारला आले होते. सुट्टीच्या दिवशी त्यांना स्कूटरवर मागे बसवून हिंडवत असे. मासळीबाजारात त्या प्रत्येक मासा उलटा करून पोटाकडून बघत. एकदा एक कोळीण वैतागून म्हणाली, "बाय, मासा घ्याचा हाय का त्याची परीक्षा घ्याची हाय?" बाई म्हणाल्या, "दोन्ही." आणि हसल्या. त्यांचं हसू इतकं दुर्मीळ, की ती कोळीणही नरमली.

अर्नाळ्याला आम्ही सुके बोंबील घ्यायला जायचो, ते आयेकडे. आये म्हणजे होडी चालवणाऱ्या एका जुन्या तांडेलाच्या घरातली म्हातारी. तिच्या ओटीवर, दाराच्या वर, मोडलेल्या होडीची एक फळी ठोकलेली होती. तिच्यावर गेरूने आणि चुन्याने काढलेलं चित्र: होडीत उभा माणूस, पसरलेलं जाळं आणि जाळ्याच्या टोकाशी लांब, दातेरी तोंडाचं एक जनावर.

"मगर आहे ती," आयेचा नातू रोशन म्हणाला. "आमच्या पणजोबांनी एकट्याने मारली. सगळं गाव आम्हाला मगरवाले म्हणतं."

बाई ओटीवर चढल्या, चष्मा सारखा केला आणि बराच वेळ बघत राहिल्या. "हिचे पाय कुठे आहेत?"

"पाण्यात असतील ना, मॅडम."

"आणि जबडा? मगरीचे दात तोंडाच्या आत असतात. इथे तोंड उघडतच नाही. एक सपाट पट्टी आहे आणि तिच्या दोन्ही कडांना दात. शेपटी बघ, मुशीसारखी, म्हणजे शार्कसारखी, उभी." मग माझ्याकडे वळल्या. "करवत मासा आहे हा."

रोशनला ते अजिबात आवडलं नाही. तो फोनचं निमित्त करून उठून गेला. त्याची पाठ वळताच आये बोंबलांची जुडी बांधता बांधता हळूच बोलली, "करवतच व्हती, बाय. जाल्यात गुंतली. सासऱ्यानं मारली नाय तिला. नवा जाला कापला नि सोडून दिली. सगली हसली त्याला. मंग त्यानं घरी येऊन ती रंगवली. मारली असती तं रंगवली कशाला असती?"

परतताना बाई स्कूटरवर मागे बसून एकट्याच बोलत होत्या. त्यानंतरचे कित्येक दिवस त्या त्याच धुंदीत होत्या. बंदरावर जाऊन खलाशांना विचारलं. तरुणांपैकी कुणीच असा मासा पाहिलेला नव्हता. "म्हणजे इथल्या पाण्यातला हा एवढाच उरलाय," त्या म्हणाल्या. "तो त्या ओटीवर आहे."

रोशन तेव्हा किनाऱ्याजवळ रिसॉर्ट बांधत होता आणि त्याचं नाव मगरीवरूनच ठेवणार होता. बाई करवत माशाचा फोटो आणि मला सोबत घेऊन त्याच्या घरी गेल्या. आयेही तिथेच बसली होती. पणजोबांनी जीव वाचवला ही गोष्ट मारल्यापेक्षा मोठी आहे, असं त्यांनी त्याला परोपरीने सांगितलं.

"मॅडम, जाळं कापून मासा सोडणाऱ्याला आमच्यात काय म्हणतात, माहीत आहे?" तो म्हणाला.

"आयेला विचार," बाई म्हणाल्या.

आयेने आधी नातवाकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "मगरच व्हती," ती म्हणाली.

बाईंनी फोटो पिशवीत ठेवला. बाहेर आल्यावर मी संतापले. म्हातारी तोंडावर खोटं बोलली, तुम्ही गप्प कशा बसलात? "तिला त्याच घरात जेवायचंय," बाई म्हणाल्या. त्यांनी कुणाचं खोटं उत्तर चालवून घेतल्याचं मी आयुष्यात तेवढं एकदाच पाहिलं.

रिसॉर्ट सुरू झाल्यावर फळी तिथे लावलीय असं कळलं. बाई म्हणाल्या, चल. फळी स्वागतकक्षात होती, काचेआड, वर दिवा सोडलेला. कुणा पेंटरकडून ती नव्याने रंगवून घेतली होती. हिरवाकंच ऑइलपेंट. जबडा उघडा, आत लाल जीभ, पाठीत भाला. खाली चार पाय, नखांसकट. गेरूचा मागमूस नव्हता. एक कुटुंब तिथे फोटो काढत होतं. त्यांनी बाईंना जरा बाजूला व्हायला सांगितलं. त्या झाल्या.

परतीच्या वाटेवर त्यांनी मला स्कूटर थांबवायला लावली. समुद्राकडे बघत म्हणाल्या, "पाण्यातून गेला तेव्हा कुणाला कळलंसुद्धा नाही. फळीवरून जाईल हे मात्र मला कळत होतं." त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. नंतर त्यांनी अर्नाळ्याचं नाव काढलं नाही आणि बाजारात यायचंही सोडलं. मीच मासळी घेऊन जायचे. ती त्या उलटून न बघता आत ठेवून द्यायच्या.

पुढच्या उन्हाळ्यात बाई गेल्या. शाळेत शोकसभा झाली. नवे मुख्याध्यापक त्यांना कधी भेटले नव्हते, पण बोलले छान. निवृत्तीनंतरही बाईंची जिज्ञासा संपली नव्हती, अर्नाळ्याच्या प्रसिद्ध मगरीच्या चित्रावर त्यांनी मोलाचं संशोधन केलं, असं ते म्हणाले.

"ती मगर नव्हती, सर," मी जागेवरून म्हणाले.

सगळ्यांनी वळून पाहिलं. मुख्याध्यापक समजुतीने हसले. "हो, हो, जे काही असेल ते. भावना महत्त्वाची," असं म्हणून त्यांनी सर्वांना उभं राहायची विनंती केली. आम्ही सगळे उभे राहिलो आणि दोन मिनिटं गप्प राहिलो.