कंपनीचा निळा शर्ट

वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्याच्या घरी कपडे धुवायला पाणी नसावं, यात हसण्यासारखं काही असेल तर मला ते अजून सापडलेलं नाही. बीडला आमच्या गल्लीत नळ कधी येईल ते कुणाला सांगता येत नाही. कंपनीचा नियम मात्र पक्का: निळा शर्ट, डाग नको, इन केलेला हवा, गळ्यात ओळखपत्र. प्रत्येक ग्राहकाच्या दारात उभं राहून स्वतःचा फोटो मोबाइलवरून पाठवायचा; तो पास झाला तरच काम सुरू. हा नियम करणाऱ्याला एकदा माझ्या गाडीवर मागं बसवून, वाळूच्या ट्रकांमागून गेवराईला न्यायला हवं होतं.

गेवराईतच एका घरी मशीनचा तुंबलेला पाइप काढला आणि आतलं काळं पाणी थेट छातीवर आलं. दुसरा शर्ट ग्रीसच्या डागानं आधीच बाद झालेला, आणि अजून एका घरी जायचं होतं. मी कपाळाला हात लावला. घरातल्या म्हाताऱ्या मावशी बघत होत्या.

“आरं, काढ ते अन् टाक मशीनीत. चालती का न्हाई ते बी कळंल.”

“मावशी, कंपनीला चालत न्हाई.”

“कंपनी हितं बघाया आलीय का?”

दुरुस्तीनंतर दोन-चार कपडे टाकून मशीन चालवून दाखवावंच लागतं. मी माझाच शर्ट टाकला. त्यांच्याकडे बोअरचं पाणी होतं, भरपूर. बनियनवर उभा राहून झाकणाच्या काचेतून शर्ट फिरताना बघत राहिलो, आणि खरं सांगतो, खूप दिवसांनी बरं वाटलं. मावशींनी चहा ठेवला.

तेवढ्यात त्यांचा मुलगा आला.

“कोण बे तू? आमच्या घरात कपडे काढून काहून उभा हायस?”

“म्याच काढाया लावलं त्याला,” मावशी सांगत होत्या. पण तोवर त्यानं फोटो काढून कंपनीला पाठवलाही. फोटोत मी होतो, बनियन होतं. मावशी नव्हत्या.

ओला शर्ट अंगात चढवून निघालो. वाटेत कंपनीतल्या साहेबांचा फोन आला. मी सगळं सांगितलं, त्यांनी ऐकूनही घेतलं.

“ते ठीक आहे हो, पण फोटो वर गेलाय. उद्यापासून येऊ नका. दोन्ही शर्ट जमा करा. धुऊन, इस्त्री करून आणा.”

मला दुसरं काहीच येत नाही. बीड येईपर्यंत डोक्यात एवढंच होतं. कुणाशी भांडावं तेही कळेना, आणि भांडायचं बळही उरलं नव्हतं.

घरी पोचेस्तोवर ओल्या शर्टावर रस्त्याची धूळ बसून चिखल झाला होता. नळ आलेला नव्हता. बायकोला सगळं सांगितलं, साहेब शेवटी काय म्हणाले तेही. तिनं प्यायच्या पाण्याचा हंडा उचलला आणि बादलीत रिकामा केला.