ऐकलेलं परत म्हणण्याचा आजार

अमरावतीत मला एक असाध्य आजार आहे. पुण्यात परत आलो की मी ठणठणीत असतो.

हा आजार मला जडला तो आमच्या मुग्धाच्या लग्नाच्या बोलणीच्या दिवशी. त्याआधी माझी प्रकृती उत्तम होती, फक्त एक खोड होती. समोरचा माणूस इंग्रजीत चुकला की मला राहवायचं नाही. जन्मभर एका कारखान्याच्या ऑफिसात साहेबांची इंग्रजी पत्रं तपासून दिली, निवृत्त झाल्यावर ती सवय कुठे नेऊन ठेवणार? त्यात ते दिवस कसले! पुण्यात गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघालेले, आमच्या सहकारनगरपासून पार हिंजवडीपर्यंत जो तो इंग्रजी बोलायला लागलेला. माझी तर रोजच दिवाळी! वाणी म्हणाला, "काका, माल रिटर्न बॅक होणार नाही," की मी दुकानात उभ्या उभ्या त्यातलं 'बॅक' काढायला लावायचो. सोसायटीच्या चेअरमननी "मीटिंग प्रीपोन केली आहे" असा निरोप धाडला, तर मी मीटिंगला गेलोच नाही. (असा शब्दच नाही म्हटल्यावर मीटिंग कुठून असणार?) त्या मीटिंगमध्ये आमच्या पार्किंगची जागा गेली, पण तत्त्व राहिलं.

कहर झाला तो मुग्धाच्या मॅनेजरच्या फोनमुळे. मुग्धा एका आयटी कंपनीत होती. त्या दिवशी तिनं रजा घेतली होती. मॅनेजरनं विचारलं, "सर, इज मुग्धा आउट ऑफ स्टेशन?"

"ती कुठल्याच स्टेशनात नव्हती," मी म्हणालो. "ती आत्याकडे गेली आहे. आणि 'आउट ऑफ स्टेशन' हे छावणीतल्या गोऱ्या साहेबांचं इंग्रजी झालं. ते साहेब गेले, आता आपण 'आउट ऑफ टाउन' म्हणावं हे बरं."

मॅनेजरनं शांतपणे फोन ठेवला. संध्याकाळी आमच्याकडे अजिबात शांतता नव्हती.

आणि मग महिन्याभरातच मुग्धानं सांगितलं, "बाबा, रविवारी नीलेशचे आईबाबा येतायत. अमरावतीहून."

नीलेश तिच्याच कंपनीतला. मुलगा गुणी, आमच्याकडे दोनदा जेवून गेला होता आणि दोन्ही वेळा माझ्यासमोर एकही इंग्रजी शब्द बोलला नव्हता. (त्याला आधीच ताकीद दिली होती, हे मला नंतर कळलं. भाजीला 'टेस्टी' म्हणता येईना म्हणून बिचारा नुसता मान हलवत होता!)

"त्याच्या बाबांना इंग्रजी बोलायची हौस आहे," मुग्धा म्हणाली. "तुम्ही एक जरी चूक काढलीत ना, तर माझं लग्न मोडलं म्हणून समजा. मी दुसऱ्या कुणाशीही करणार नाही. इथेच राहीन, आणि रोज सकाळी उठून तुमच्याशी चुकीचं इंग्रजी बोलेन!"

एवढी भयंकर धमकी मला आयुष्यात कुणी दिली नव्हती. पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं. मी मनापासून हादरलो. पण खोड अशी एका आठवड्यात जाते का हो? मी चार दिवस तळमळत काढले, आणि शुक्रवारी वर्तमानपत्राच्या पुरवणीत मला चक्क उपाय सापडला! 'लोकांच्या चुका नम्रपणे कशा सुधाराव्यात' असा लेखच होता. चूक दाखवायची नाही, टोकायचं नाही. फक्त समोरच्याचं वाक्य बरोबर करून, हसतमुखानं परत म्हणायचं. त्याला कळतंही आणि लागतही नाही!

"अगं, सापडलं!" मी ओरडतच स्वयंपाकघरात गेलो.

"काय, चष्मा?" ही म्हणाली.

मी तिला सगळी पद्धत समजावून सांगितली. तिनं ती पोहे निवडत ऐकून घेतली आणि म्हणाली, "त्यापेक्षा तोंड बंद ठेवलंत तर?" काही माणसांना नवीन विचारांचं वावडंच असतं.

रविवार उजाडला. नीलेश आईवडिलांना स्वारगेटवर उतरवून घेऊन थेट आमच्याकडे आला. वडील इंगोलेसाहेब, कृषी खात्यातून निवृत्त, उंचपुरे, कडक इस्त्रीचा सफारी. आई हसऱ्या, हातात सांबारवड्यांचा, म्हणजे तिकडच्या कोथिंबीरवड्यांचा, भला मोठा डबा. इंगोलेसाहेबांनी दारातच हात पुढे केला.

"गुड मॉर्निंग सर! मायसेल्फ इंगोले! शी इज माय मिसेस!"

दुरुस्ती माझ्या जिभेवर आली. हिनं माझ्याकडे असं बघितलं की ती तिथेच थांबली. मुग्धा स्वयंपाकघराच्या दारात श्वास रोखून उभी. पण माझ्याकडे आता पद्धत होती! मी गोड हसलो.

"अच्छा! यू आर मिस्टर इंगोले! शी इज युवर वाइफ!"

इंगोलेसाहेब जरा थबकले. त्यांनी बायकोकडे बघितलं, आपलीच आहे याची खात्री केली. "येस," ते म्हणाले.

सगळे बसले. "वुई आर हॅविंग टू सन्स," इंगोलेसाहेब म्हणाले.

"वा! यू हॅव टू सन्स!"

"टुडे वुई विल डिस्कस अबाउट द मॅरेज."

"येस! टुडे वुई विल डिस्कस द मॅरेज!"

अहो, काय सांगू तुम्हाला, मला इतका आनंद झाला होता! चुका निघत होत्या, त्या सुधारल्या जात होत्या आणि कुणालाही लागत नव्हतं. उलट इंगोलेसाहेब आता एकेक शब्द सावकाश, तोलून बोलायला लागले. म्हणजे सुधारणा सुरू! मग आवाजही वाढला. म्हणजे आत्मविश्वास आला! मग ते खुर्ची पुढे ओढून माझ्या कानाशी वाकले.

"युवर... हेल्थ... इज... गुड?"

"माय हेल्थ इज गुड!" मी ठणकावून सांगितलं.

त्यांनी एक मोठा सुस्कारा सोडला. "थोडं पाणी पिता का जी?"

"थोडं पाणी पिता का!" मी म्हणालो. (यात काहीच चूक नव्हती. पण जीभ एकदा उतारावर लागली की थांबते कुठली!)

नीलेश खिडकीकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे खांदे गदगदा हलत होते. मला वाटलं, आईवडील एवढ्या लांबून आले म्हणून भरून आलं असेल.

तिकडे स्वयंपाकघरात काय चाललं होतं, ते मला हिनं नंतर सांगितलं. इंगोलेबाई डबा ठेवायच्या निमित्तानं आत गेल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "ताई, रागावू नका. पण भाऊंचं हे कधीपासून आहे हो?"

हिला वाटलं, माझ्या खोडीचं नीलेशनं घरी सांगितलेलं दिसतंय. ती मोकळी झाली. "काय सांगू तुम्हाला! लग्न झाल्यापासून बघतेय."

"औषधपाणी काही केलं नाही?"

"ह्याला कसलं आलंय औषध! सासऱ्यांना पण होतं. अगदी शेवटपर्यंत."

"अगं माय!" इंगोलेबाईंनी छातीवर हात ठेवला. "मग मुग्धाला...?"

"तिलाही आहे थोडंसं," ही प्रामाणिकपणे म्हणाली. "पण ती चारचौघांत दाबून ठेवते."

पोह्यांच्या बश्या घेऊन उभ्या असलेल्या मुग्धाला तेव्हा सगळा उलगडा झाला. पण तोपर्यंत इंगोलेबाई बाहेर येऊन नवऱ्याच्या कानाला लागल्या होत्या. इंगोलेसाहेबांचा चेहरा पडला. ते उठून उभे राहिले. मीही उठलो. मुग्धा बश्या हातात घेऊन तशीच उभी, चेहरा पांढराफटक. मला कारण कळेना, पण एवढं कळलं की लग्न मोडलं.

इंगोलेसाहेबांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. त्यांचे डोळे भरून आले होते. इंग्रजी सोडून ते आपल्या बोलीत म्हणाले, "अभ्यंकरसाहेब, काही टेन्शन नका घेऊ. ऐकलेलं परत परत म्हणायचा आजार आमच्या मोठ्या काकांना पण होता जी. मोठा सोन्यासारखा माणूस! घरात आजार आहे म्हणून काय आम्ही सोयरीक मोडून राहिलो का? पोरगी आमची झाली!"

"सांभाळून घेऊ आम्ही तिला," इंगोलेबाई डोळे पुसत म्हणाल्या. "आणि भाऊ, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. हे तर तुमच्यासाठी गाडीत इंग्रजी पाठ करून राहिले होते. पुण्याचे व्याही, इंग्रजीतच बोलावं लागेल म्हणे. मला डोळा लागू दिला नाही!"

आजार? मला? मग एकदम डोक्यात प्रकाश पडला आणि मी घामाघूम झालो. हा भला माणूस माझ्यासाठी प्रवासभर घोकत आला होता, आणि मी! खरं सांगायला मी तोंड उघडलं. "अहो, मला कसलाही आजार नाही, मी तर तुमचं इंग्रजी..." हे अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात त्यांच्या खांद्यावरून मला मुग्धा दिसली. ती जिवाच्या आकांतानं नकारार्थी मान हलवत होती. खरंच होतं तिचं. आता तिला एक तर आजारी बाप असू शकत होता, नाही तर आगाऊ. आजारी बाप त्यांनी पदरात घेतला होता. आगाऊ बाप कोण घेणार?

"बोला ना जी," इंगोलेसाहेब म्हणाले. "पोरगी आमची झाली!"

मी खणखणीत आवाजात म्हणालो, "पोरगी आमची झाली!" (इथे 'तुमची' म्हणायला हवं होतं. पण आजार म्हणजे आजार.)

तेव्हापासून हिनं मला नियम घालून दिला. व्याह्यांसमोर जे कानावर पडेल ते जसंच्या तसं परत म्हणायचं. दुरुस्ती करायची नाही! लग्नात अमरावतीच्या मांडवात मला बघायला ही रांग! जो येईल तो दोन शब्द इंग्रजीत टाकून जायचा आणि मी ते चुकांसकट परत करायचो. माझी बडदास्त मात्र अशी की विचारू नका. पंख्याखालची जागा माझी, वड्यांचा पहिला घाणा माझा. एक आजी तर रोज सकाळी माझी दृष्ट काढायच्या. इंग्रजीतल्या सगळ्या चुका मी तिथे आपल्या तोंडानं केल्या, आणि खोटं कशाला बोलू, काहींची तर चटक लागली.

पुढच्या वर्षी व्याही-विहीणबाई पुण्यात आले. आम्ही त्यांना कात्रजचं सर्पोद्यान दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी सगळे मिळून मुग्धाच्या ऑफिसात गेलो. तिथे कर्मचाऱ्यांच्या घरच्यांसाठी कार्यक्रम होता. मुग्धानं एका तरुण माणसाला पुढे आणलं. हाच तो फोनवरचा मॅनेजर! त्यानं भीतभीतच हात पुढे केला. मी ताठ उभा राहिलो. आज याला अस्सल इंग्रजी ऐकवायचं!

"हॅलो!" मी गरजलो. "मायसेल्फ अभ्यंकर! शी इज माय मिसेस!"

मॅनेजरनं डोळे विस्फारले. हिनं कपाळावर हात मारला. मुग्धा खांबाआड गेली.

आणि मग शेजारून इंगोलेसाहेब पुढे झाले, गोड हसले आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाले, "ही इज मिस्टर अभ्यंकर. शी इज हिज वाइफ."

ही थक्क झाली. "अहो, तुम्ही हे कुठे शिकलात?"

"मुग्धा आहे ना! तिलाही आहे नं थोडंसं," ते हिच्या कानाशी वाकून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "ती माझं सगळं बोलणं परत म्हणते, पण बरोबर करून. त्यातूनच शिकलो. भाऊंना पण असंच करत जा विहीणबाई. टोकायचं नाही, नुसतं बरोबर करून परत म्हणायचं. वाईट वाटत नाही."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"वाईट वाटत नाही," मी म्हणालो.